भाकरीसोबत हिरवे पान : वस्तीतल्या भाजीशाळेचे वर्ष

आरोग्याच्या पानावर कुंड्या, माती आणि बियाणे यांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आमच्या गटातल्या निम्म्याजणी नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन वर्षानुवर्षे दवाखान्यात राबलेल्या आहेत. रक्त तपासायचे, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि 'पालेभाजी खात जा' असे सांगून पुढच्या बाईला हाक मारायची, हे दवाखान्यातले रोजचे काम. पण ती पालेभाजी आणायची कुठून? उन्हाळ्यात जुडीचा भाव चढला की करायचे काय? त्या एका वाक्याच्या पुढचे काम म्हणून आम्ही सोलापुरातल्या वस्त्यांमध्ये भाजी लावायला शिकवतो. खरे म्हणजे शिकवतो कमी, एकत्र बसून शिकतो जास्त. वर्षभर हे काम कसे चालते, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, ते या लेखात सांगत आहोत.

आधी ताटाकडे पाहू

आपल्या सोलापूरचे जेवण मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, तुरीचे वरण, कांदा. मालदांडी ज्वारी आणि शेंगदाणे यांत ताकद आहे. पण महिन्याचे पैसे संपत आले की ताटातून पहिल्यांदा काय जाते ते पाहा. भाकरी जात नाही, चहा जात नाही. हिरवी भाजी जाते. आणि जी थोडी शिजते ती आधी कमावत्याच्या, मग मुलांच्या ताटात. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी आणि चटणी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने दिवसाला पालेभाज्या धरून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. वस्तीतल्या किती घरांत हे होते, ते आपण सगळे जाणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ४८ आणि ५३.८ टक्के होते. म्हणजे ते घटण्याऐवजी वाढले. ज्या घरात बाई दिवसभर मांडी घालून विड्या वळते किंवा चार घरची धुणी-भांडी करते, तिथे धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यालाच 'थकवा' म्हणून सोडून दिले जाते.

ही शाळा नवी नाही

'एक होता कार्व्हर' हे वीणा गवाणकरांचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचले असेल. गुलामीत जन्मलेले डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेत शिकवायला गेले. शेतकरी संस्थेत येऊ शकत नाहीत, तर संस्थेनेच शेतकऱ्यांकडे जावे, या विचाराने १९०६ मध्ये तिथून एक घोडागाडी निघाली. तिला जेसप वॅगन म्हणत. अवजारे, बियाणे आणि शिकवणारा माणूस घेऊन ती कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारापर्यंत जाई. चवळी, रताळी, भुईमूग कसे लावायचे याबरोबर ते शिजवायचे कसे, हेही कार्व्हर आपल्या पुस्तिकांतून सांगत. पुढे घोडागाडीच्या जागी मोटार आली आणि शेतीच्या शिक्षकासोबत परिचारिकाही फिरू लागली. शेतीचे आणि आरोग्याचे शिक्षण एकाच गाडीत बसू शकते, हे तिथे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते.

आपल्या महाराष्ट्रातही ही वाट मळलेली आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त गुरू आणि शिष्य असा भेद नव्हता. जो प्रयोग करतो त्याने इतरांना सांगायचे आणि इतरांकडून शिकायचे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामातून वाढलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने मराठवाडा आणि सोलापूर भागातल्या शेतकरी बायकांना घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घ्यायला आणि त्यात आधी घरच्यासाठी धान्य, कडधान्य, भाजीपाला पिकवायला शिकवले. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. 'उमेद' अभियानातले बचत गटही गावोगावी पोषण परसबागा करतात.

अडचण एवढीच की या बहुतेक कामांना थोडी का होईना, जमीन लागते. आपल्या वस्तीत परसबाग म्हटले की पहिला प्रश्न येतो, "ताई, परस आहे कुणाच्या घराला?" दहा बाय बाराची खोली, दारात गटार, वर पत्रे. म्हणून आमची भाजीशाळा रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि अर्धे कापलेले पिंप यांत भरते.

उन्हाळा : माती तयार करण्याचे दिवस

आमचे वर्ष एप्रिलमध्ये, भीमजयंती झाल्यावर सुरू होते. पारा चाळिशीच्या वर असताना पेरायचे फारसे नसते. पण पावसाळ्याची सगळी तयारी याच दिवसांत होते. चौकाचौकात रसवंत्या चालू असतात. उसाचे चिपाड त्यांना टाकायचेच असते, आम्ही पोत्याने घेऊन येतो. ते उन्हात कडक वाळवून बारीक करायचे. एक भाग माती, एक भाग चिपाड आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा ओल्या कचऱ्याचे खत. आपली काळी माती एकटी भरली तर डब्यात दगडासारखी होते आणि भेगा पडतात. चिपाडाने ती भुसभुशीत राहते आणि डबा हलका होतो, त्यामुळे पत्र्यावर किंवा गच्चीच्या कठड्यालगत ठेवता येतो. तळाला भोके पाडायची. पालेभाजीला वीतभर खोल माती पुरते. वांगी, टोमॅटो, भेंडी यांना हात-दीड हात लागते.

याच दिवसांत खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो एका बाईने भर बैठकीत विचारला : "सिस्टर, नळाला चार दिवसांनी पाणी येतंय. प्यायला पुरंना, आन् तुम्ही झाडाला घाला म्हणताय?"

त्या दिवसापासून आमच्या शाळेचा पहिला नियम ठरला : पिण्याचा एक तांब्याही झाडाला नाही. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, बाळाला नुसत्या पाण्याने अंघोळ घातलेले पाणी एका बादलीत साठवायचे आणि दिवस मावळल्यावर घालायचे. साबणाचे, मोरीचे पाणी पालेभाजीला कधीच नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ते केळीला किंवा कर्दळीला सोडावे. मातीवर चिपाडाचा किंवा वाळक्या पानांचा जाड थर पसरला की ओल टिकते. मोठ्या पिंपात मधोमध पाझरणारे छोटे मडके पुरून ते भरून ठेवले, तर पाणी मुळापाशी हळूहळू झिरपते. वर जुन्या साडीची सावली बांधायची.

एवढे करूनही मे महिन्यात पुष्कळ डबे वाळतात. काही घरे गळतात. आम्ही त्यांच्या मागे लागत नाही, मृगाच्या आधी पुन्हा एकदा दार वाजवतो. उन्हाळ्यातही तग धरतात ते तांदुळजा, घोळ, गवार, पुदिना, कढीपत्ता. ज्या घरात यातले दोन जगले, त्या घराला आम्ही पहिल्या नंबरचे समजतो.

पावसाळा : बी, डास आणि वर्षावास

पहिला दमदार पाऊस झाला की शाळेला जान येते. राजगिरा, माठ, अंबाडी, चवळी, भेंडी, गवार हे डब्यांत. दोडका, कारले, घेवडा यांचे वेल दोरीवरून पत्र्यावर. राजगिरा आणि माठ पंचवीस-तीस दिवसांत ताटात येतात, म्हणून नवख्या घराला आम्ही तेच आधी देतो. महिन्याभरात हाताला फळ मिळाले की माणूस टिकतो.

विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. वर्षावासाची गोष्ट तिथे आपोआप येते. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू कोवळे हिरवे अंकुर आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला, असे विनयपिटकात सांगितले आहे. अंकुराला जपणे हा त्या नियमाच्या मुळाशी असलेला विचार मुलांना सांगावाच लागत नाही. स्वतः पेरलेल्या डब्यावर कुणी पाय दिला की ती आपणहूनच भांडायला उठतात.

या ऋतूतल्या आमच्या खऱ्या शिक्षिका म्हणजे वस्तीतल्या म्हाताऱ्या. उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात खुरपण केलेल्या बायांना तण आणि भाजी यांतला फरक कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतो. एक मुलगा डब्यातले 'गवत' उपटत होता, तेव्हा एक आजी काठी टेकत आल्या. "आरं, तांदुळजा हाय त्यो. बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच पाल्यावर पोरं जगविली आमी." मग त्यांनी घोळ, कुरडू, पाथरी एकेक करून दाखवली. ज्या ज्ञानाला आजवर कुणी ज्ञान म्हटले नाही, ते त्या दिवशी शाळेत आले. एक सावधगिरी मात्र पाळायची : रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय खाऊ नये, आणि गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली तर मुळीच नको.

आता डासांचे. आपल्याकडे पाणी साठवावेच लागते, आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, बादल्या, डब्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून आतून घासून काढायच्या. नुसते ओतून चालत नाही. अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. पिंपावर कापड घट्ट बांधायचे. ज्या घराला हा कोरडा दिवस पाळणे जमत नाही, त्या घराला आम्ही डबा देत नाही. भाजीसाठी डेंग्यू विकत घ्यायचा नाही.

मातीत काम करताना जखम झाली तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात विचारा. विडी वळणाऱ्या भगिनींनी रोपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूवरचा विषाणू हातावाटे टोमॅटो, मिरचीच्या रोपांना लागू शकतो. आणि जो हात रोपाला घातक, तो न धुता मुलाला घास भरवायचा कसा, हा प्रश्न बायकाच एकमेकींना विचारू लागतात.

हिवाळा : भरलेले ताट

परतीचा पाऊस ओसरला, धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की हिवाळी पेरणी. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, करडई. करडईची कोवळी भाजी ही आपल्या भागाची खास. शहरात वाढलेल्या मुलांना ती ठाऊकच नसते. एकदम सगळे पेरू नका. दर दहा दिवसांनी एक डबा पेरला तर भाजी आळीपाळीने हाताशी येते. पालक मुळासकट न उपटता वरून कापला तर पुन्हा फुटतो.

मावा, अळी पडली तर दुकानातले औषध घरात आणायचे नाही. ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायचा, गाळायचा, चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारायचा. मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा आणि भाजी धुऊनच शिजवायची.

हिवाळ्याच्या शेवटी बी धरायचे. सर्वांत चांगला दोडका, सर्वांत भरदार शेंग तोडायची नाही. वेलावर वाळू द्यायची. बी सावलीत वाळवून राखेत घोळून बाटलीत ठेवायचे, वर नाव आणि महिना लिहायचा. ज्याने एक मूठ बी नेले त्याने पुढच्या वर्षी दोन मुठी परत द्यायच्या. आमच्या शाळेची फी एवढीच.

जागा कुणाची, राबणार कोण

दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली जागेची. एका वस्तीत विहारालगत मोकळा तुकडा होता. सगळ्यांनी मिळून दगड वेचले, वाफे केले, शेवगा लावला. दुसऱ्या वर्षी सुशोभीकरणाचे काम मंजूर झाले. एका सकाळी जेसीबी आला, दुपारपर्यंत शेवगा आडवा झाला आणि आठवड्यात तिथे पेव्हर ब्लॉक बसले. कुणाला विचारले नाही, कुणाला सांगितले नाही. आता मे महिन्यात त्या फरशीवर अनवाणी मुलांना उभे राहवत नाही आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी शेवटच्या घरात शिरते. भूमिहीनांच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह उभे केले. आपण तर शहरात हातभर माती मागतो आहोत. म्हणून आता आम्ही अर्ज तोंडी करत नाही. वस्तीत काम निघणार असे कळले की झाडांभोवती आळी आणि भिंतीलगत दोन फूट मातीची पट्टी सोडावी, असा लेखी अर्ज सह्यांसह देतो आणि पोच घेतो. तुम्हीही घ्या.

दुसरी गोष्ट श्रमाची. पाणी भरणे, स्वयंपाक, विड्या, मुले, आजारी सासू, आणि वर आता बाग! भाजीशाळा म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवायचा नाही. म्हणून प्रत्येक डब्यावर घरातल्या एका पुरुषाचे किंवा मुलाचे नाव रंगवतो. पाणी त्याने घालायचे, भाजीही त्यानेच निवडायची. सुरुवातीला हसतात. पण आपल्या नावाचा डबा शेजाऱ्याच्या डब्याआधी वाळू नये, ही ईर्ष्या हळूहळू कामाला येते. आणि ज्या रात्री पहिल्यांदा भाजी शिजते, त्या रात्री घरच्या बाईने सर्वांसोबत ताट वाढून घ्यायचे, ही आमची दक्षिणा.

बाग काय करू शकत नाही

परिचारिका म्हणून हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परसबागेमुळे घरात भाज्या जास्त आणि अधिक प्रकारच्या खाल्ल्या जातात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. पण केवळ बागेने रक्तक्षय बरा होतो, असे ठामपणे दिसलेले नाही. पाल्यातले लोह शरीर कमी शोषते. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत पेरू, आवळा, टोमॅटो खा. जेवणानंतर तासभर चहा नको. जे मांसाहार करतात त्यांनी कुणाच्या टोमण्याने तो सोडू नये. कलेजी, सुकट, मासे भाजीसोबत खाल्ले तर भाजीतले लोहही जास्त लागू पडते.

हिमोग्लोबिन स्त्रीमध्ये १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, त्यावर औषध लागते. गरोदर बाईने लोहाची गोळी किमान १८० दिवस घ्यायची असते. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि तो आपला हक्क आहे. मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नका. गोळी सांगितली असेल तर गोळीच. शेवग्याचा पाला तिच्या सोबतीला, तिच्या बदल्यात नव्हे. मूतखडा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी पालक, चुका, राजगिरा किती खायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सुरुवात कशी कराल

• एका गल्लीतली पाच घरे मिळून सुरू करा. एक घर गावाला गेले तर दुसरे पाणी घालते.
• पहिल्या वर्षी फक्त तीन डबे : एक राजगिरा किंवा माठ, एक मेथी, एक कढीपत्ता.
• कुणाकडे जमिनीत जागा असेल तर एक शेवगा. छातीएवढ्या उंचीवर छाटत राहा म्हणजे पाला हाताशी राहतो.
• बियाणे आणि मार्गदर्शनासाठी कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. सप्टेंबर हा पोषण महिना असतो. त्या वेळी अंगणवाडी ताईंना सोबत घ्या.
• आठवड्याचा कोरडा दिवस ठरवा आणि तो दारावर लिहून ठेवा.
• वर्षातून दोनदा, पेरणीआधी, गल्लीतल्या सगळ्या बायका आणि मुलींचे हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासून घ्या आणि आकडा वहीत लिहा.

एका डब्याने घराची भाजी भागत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण महिनाअखेरीला हातात पैसा नसतानाही दारातून मूठभर पाला खुडून वरणात टाकता येतो, आणि भाकरीच्या कडेला एक हिरवे पान राहते. या आठवड्यात घरातला एक रिकामा डबा शोधा आणि त्याला खाली चार भोके पाडा. माती आणि बी शेजारणीला विचारा. तिच्याकडे नसेल, तर तीही तुमच्यासोबत शोधायला निघेल.